वस्तादांची पाठ

"थांबा रं जरा, लेस सुटली," असं म्हणून ज्ञानू वस्ताद खाली वाकले आणि आमची रांग पुन्हा एकदा थांबली.

दोन्ही बाजूंना राखाडी दगडांचे उतार होते. मधून जेमतेम पाऊल मावेल एवढी वाट आणि समोर, ढगात निम्मं बुडालेलं ते शिखर. आमचा लडाखी वाटाड्या त्सेवांग काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. एरवी तो मोजकंच बोले, पण त्या दिवशी त्यालाही राहवलं नाही.

"उस्तादजी, ये जूता दुकान को वापस करो. सुबह से खुलता ही जाता है."

"जूता एकदम अच्छा है रे बाबा," वस्ताद वाकलेल्या अवस्थेतूनच म्हणाले. "हमारा पाय दांडगा है. पाय अंदर बसताच नहीं, म्हणून लेस भायेर आती है."

सगळे हसले. सांगलीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिरोळकर बाई सर्वांत मोठ्याने हसल्या. "वस्ताद, पहिलीच्या मुलांना शिकवायची तशी गाठ तुम्हाला शिकवू का?"

"शिकवा की बाई. पन छडी नगं."

मी मात्र हसलो नाही. माझी नजर त्यांच्या बोटांकडे होती. बोटं लेसशी नुसतीच चाळा करीत होती. गाठ सुटलेली नव्हतीच. वस्तादांचं तोंड मिटलेलं होतं आणि नाकपुड्या हलकेच फुलत होत्या. ही युक्ती मला त्यांनीच शिकवली होती.

आमच्या शेरेवाडीच्या तालमीत एक नियम होता. दम खावा, पण खाताना दिसू नये. कुस्ती लांबली आणि छाती भरून आली, की गडी वाकतो, मूठभर माती उचलतो, तळहातांना चोळतो, समोरच्याच्या खांद्यावर टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, रीत पाळली. प्रत्यक्षात त्याने दोन श्वास कमावलेले असतात. तोंड उघडायचं नाही. "तोंड उघडं पडलं की निम्मी कुस्ती गेली," वस्ताद सांगत, आणि लहानपणी माझं तोंड उघडं दिसलं तेव्हा त्यांनी ते चापटीनं मिटवलं होतं. इथे डोंगरावर लाल माती नव्हती. वस्तादांनी लेस शोधून काढली होती.

तालमीला शंभर वर्षं होत होती. तालमीतलं मारुतीचं निशाण हिमालयातल्या एका उंच शिखरावर न्यायचं, ही कल्पना तालमीच्या कमिटीत कुणाला तरी सुचली. पुण्याची एक संस्था वाटाड्यांसह अशा मोहिमा नेत असे, तिच्याकडे नावं द्यायचं ठरलं. कमिटीचं म्हणणं होतं की दोन तरुण पोरं पाठवावीत. वस्ताद तेव्हा साठीला टेकले होते. ते म्हणाले, "निशाण तालमीचं हाय. मी जाणार. संगं सर्ज्या यील." सर्ज्या म्हणजे मी, सर्जेराव. वडील गेल्यानंतर माझ्या अंगावर मांस चढवलं ते याच माणसाने. त्यांनी नाव घेतलं त्या रात्री मला अभिमानाने झोप आली नव्हती.

पहिले काही दिवस वस्ताद सगळ्या तुकडीचे लाडके झाले होते. त्सेवांग सकाळी "जुले" म्हणे, वस्ताद "राम राम" म्हणत. पुढे त्सेवांग "राम राम" म्हणू लागला आणि वस्ताद "जुले". सामान वाहणाऱ्या घोड्यांच्या मांड्या ते जाणकाराच्या नजरेने चाचपून बघत. रोज संध्याकाळी त्सेवांग प्रत्येकाच्या बोटाला यंत्राचा चिमटा लावून रक्तातला प्राणवायू तपासत असे. आपली पाळी येण्याआधी वस्ताद तंबूमागे जाऊन खोल श्वसन करून येत. वर्षानुवर्षं कमावलेली छाती. आकडा हमखास चांगला यायचा.

"साठ साल, और ये नंबर! उस्तादजी शेर है," त्सेवांग म्हणायचा.

वस्ताद माझ्याकडे बघून डोळा मिचकावत. मीही हसत असे. सुरुवातीला.

शिखराच्या पायथ्याशी, बर्फाच्या कडेला आमचा शेवटचा तळ होता. तिथे आम्ही दुपारी पोहोचलो. जेवण करून थोडी विश्रांती घ्यायची आणि पहाटेच्या अंधारातच शिखराकडे निघायचं, असं ठरलेलं होतं. तळाच्या शेवटच्या चढावर वस्तादांनी लेस बांधायला वाकायचंसुद्धा सोडून दिलं होतं. ते नुसते उभे राहत, निशाणाची गुंडाळी या काखेतून त्या काखेत घेत, आणि पुन्हा पाऊल टाकत.

तंबूत शिरल्यावर मी तेलाची बाटली काढली. दिवस मावळायच्या आत वस्तादांची पाठ रगडायची, हे माझं काम. गावी असो वा परगावच्या मैदानावर, त्यात खंड पडलेला नव्हता. पट्टशिष्याखेरीज दुसरा कुणी त्या पाठीला हात लावत नसे, वस्ताद लावू देत नसत. खोबरेल थंडीत गोठेल म्हणून मी तिळाचं तेल आणलं होतं.

"आज ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"असं कधी झालंय का, वस्ताद?"

ते पालथे झाले. मी त्यांचे स्वेटर वर सारले, तेल काखेत धरून कोमट केलं आणि दोन्ही तळहात खांद्यांच्या पात्यांखाली ठेवले.

ती पाठ मला माझ्या घराच्या उंबऱ्यासारखी ठाऊक होती. कुठे जुनी जखम आहे, कुठे दाबलं की ते "हां" म्हणतात, सगळं. त्या दिवशी ती पाठ मला अनोळखी लागली. त्यांनी श्वास घेतला की तळहाताखाली काहीतरी बारीक खळखळत होतं. घागर कलती करताना तळाशी पाणी हलावं, तसं. मी हात हलवला. तिथेही तेच. मी हात उचलून घेतला.

"काय झालं रं?"

"वस्ताद, छातीत पाणी वाजतंय."

"सर्दी हाय."

"सर्दी पाठीत वाजत न्हाई."

ते उठून बसले. बसण्याच्या श्रमानेही त्यांच्या ओठांवर निळसर झाक आली. खोकला आला तो त्यांनी उपरण्यात दाबला. मग शांतपणे म्हणाले, "सकाळची एक चढण. निशाण रोवलं की उतारच हाय. उताराला कशाला दम लागतोय?"

"त्सेवांगला सांगू या. तपासू दे एकदा."

"त्याच्या मिशनीनं तपासलंय की रोज."

"ती मशीन तुम्ही कशी फसवता, ते मी बघतोय."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. तालमीत कुणी पोरगा उलट बोलला तर ते असे बघत आणि पोराचे पाय आपोआप मागे सरत. मी बसल्या जागी सरकलो. तरीही बोललो.

"मग असं करू. मी सांगतो, माझा दम तुटला म्हणून. मला खाली घेऊन जायला पायजे म्हणून तुम्ही माझ्यासंगं उतरा. कुणाला काय कळणार हाय?"

"माझ्या पठ्ठ्याचा दम तुटला, असं मी चारचौघांत सांगू?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढवण्याइतका श्वास नव्हता. "माझं झाकायला तुझं नाव घालवू? लाज न्हाई वाटायची मला, सर्ज्या?"

मी तेलाच्या बाटलीला बूच लावू लागलो.

"हिकडं बघ. मारुतीची आण घे. बोलणार न्हाईस."

"वस्ताद..."

"घे आण. वस्तादाचा दम भायेर सांगतो, तो पठ्ठ्या माझा न्हवं."

मी आण घेतली. बोलणार नाही म्हणालो. ते पुन्हा पालथे झाले आणि मी पुन्हा तळहात ठेवले. तळहाताखाली पाणी हलत होतं. मी रगडत राहिलो. थोड्या वेळाने त्यांना ग्लानी आली. झोपेत मात्र त्यांचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्यांना असं उघड्या तोंडाने श्वास घेताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तंबूत ऐकू येत होतं ते सगळं.

मी बाहेर आलो. स्वयंपाकाच्या तंबूत त्सेवांग दोर गुंडाळत बसला होता. शेजारी शिरोळकर बाई गरम पाण्याच्या पेल्यावर हात शेकत होत्या.

"क्या हुआ?" त्सेवांगने विचारलं.

मी बोललो नाही. त्याच्या मनगटाला धरलं आणि त्याला उठवलं. आधी तो हसला. माझा चेहरा बघून हसणं थांबवलं. मी त्याला आमच्या तंबूत नेलं. गुडघ्यावर बसून वस्तादांच्या पाठीवरचे कपडे वर केले, त्सेवांगचा हात धरला आणि माझ्या तळहाताची जागा होती तिथे ठेवला.

वस्ताद जागे झाले. परका हात त्यांना लगेच कळला. त्यांनी मान वळवली, आधी त्सेवांगकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली.

त्सेवांगने पाठीला कान लावला. क्षणभरच. मग सरळ होऊन म्हणाला, "फेफड़े में पानी है. नीचे जाना है. अभी."

"नीचे नहीं जाता," वस्ताद म्हणाले. "ऊपर जाता. निशाण है."

"उस्तादजी, आप ऊपर जाओगे तो नीचे मैं अकेला आऊँगा."

वस्ताद उठायला गेले. बुटात पाय घातला, लेस हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. बोटांना गाठ मारता येईना. जो माणूस अंधारात, धावत, कुणाशी बोलत लंगोट कसत असे, तो दोन दोऱ्या हातात धरून बसला होता. तंबूच्या दारात शिरोळकर बाई उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन वस्तादांच्या बुटांच्या गाठी मारल्या. या वेळी कुणी थट्टा केली नाही.

निशाण मी बाईंच्या हातात दिलं. "एवढं वर न्या."

"नेते," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा."

दुसऱ्या वाटाड्याकडे तुकडी सोपवून त्सेवांग आमच्याबरोबर निघाला. त्याने वस्तादांच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली, दोराची वेटोळी करून बैठक केली, आणि ती खांद्यात अडकवून वस्तादांना माझ्या पाठीवर बांधलं. मी दमलो की त्सेवांग घेई, तो दमला की मी. सुटे दगड पायाखालून घरंगळत होते आणि उजेड कमी होत होता. वस्तादांची हनुवटी माझ्या खांद्यावर होती, तोंड माझ्या कानाशी. ते तोंड आता मिटत नव्हतं. श्वास घरघरत आत जायचा, घरघरत बाहेर यायचा.

"मागं बघू नगंस," ते एकदा म्हणाले.

पाठीवर बांधलेल्या माणसाकडे मागे वळून बघता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं. तरी मी म्हणालो, "न्हाई बघत."

खालच्या गावातल्या दवाखान्यात त्यांना कित्येक दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, तळावर आणखी थांबला असतात तर यांना घेऊन येण्यात अर्थ राहिला नसता. वस्ताद भिंतीकडे तोंड करून पडून असत. मी पाय चेपायला गेलो तर पाय जवळ घेत. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी भिंतीलाच सांगावं तसं सांगितलं:

"बोलला न्हाईस. दाखवलंस."

गावी पोहोचेपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं.

बाईंनी निशाण शिखरावर नेलं होतं. त्यांनी पाठवलेला फोटो मोठा करून तालमीच्या दारात लावला गेला आणि त्याच्यासमोर सत्काराचा मांडव पडला. तालमीचे जुने मल्ल पटके बांधून आले. माझी आई बायकांत पुढे बसली होती. अध्यक्षांनी वस्तादांना दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि गर्दीतून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "वस्ताद, निशाण वर गेलं, पन तुमी फोटूत कसं न्हाईसा?"

हशा पिकला. प्रश्न साधा होता. वस्ताद ध्वनिक्षेपकासमोर उभे होते. त्यांचा हात उपरण्याकडे गेला, उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं. मी ते ओळखलं. ते दम खात होते.

"पठ्ठ्याचा दम तुटला," ते म्हणाले. "निशाण बाईंच्या हातात दिलं आन पठ्ठ्याला घेऊन मागं फिरलो. पठ्ठ्या टाकून वस्ताद वर जात न्हाई."

टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी डोळे पुसले. माझ्याकडे वळून बघणारे चेहरे मला अजून आठवतात. त्यांत राग नव्हता, कीव होती. ते माझंच वाक्य होतं. तंबूत मी त्यांना देऊ केलेलं, त्यांनी परत केलेलं. मी मान खाली घातली. लाज मला माझी वाटत नव्हती. मान वर केली असती तर वस्तादांची नजर माझ्या नजरेला भिडली असती, आणि ते मला बघायचं नव्हतं.

घरी आईने पुढ्यात ताट ठेवलं आणि विचारलं, "खरं काय झालं रं?"

"वस्तादांनी सांगितलं तेच."

"त्यांच्या हातात काठी आली. अंग उतरलंय त्यांचं. आन तू हैस तसाच हैस," आई म्हणाली. उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

त्या वर्षी जत्रेतली माझी नेमलेली मानाची शेवटची कुस्ती कमिटीने दुसऱ्याला दिली. पानाच्या टपरीवर पोरं विचारायची, "सर्जादादा, चढ चढून आलास व्हय? बस, पानी आणू का?" मी तालमीत जाणं सोडलं नाही. वस्तादही रोज येत, कोपऱ्यातल्या बाकावर बसत. माझ्या कुस्तीकडे बघत नसत. पाठ रगडायला त्यांनी दुसरा कुणी बोलावला नाही. मलाही बोलावलं नाही. तेलाची बाटली मारुतीच्या कोनाड्यात तशीच राहिली.

दिवाळी उलटून गेल्यावरची गोष्ट. सकाळी मी बैठका मारत होतो. नव्याने येऊ लागलेल्या पोरांतला एक, सदू नावाचा, माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, सावकाश. हितनं उचलून न्यायला वस्तादाला आता झेपायचं न्हाई."

पोरं फिसकन हसली. मी बैठका थांबवल्या नाहीत.

वस्तादांनी काठी बाकाला टेकवली. उपरणं काढलं, सदरा काढला. लंगोट कसला तेव्हा पोरांचं हसू विरलं. आजारपणानंतर त्यांनी मातीत पाऊल ठेवलं नव्हतं. हौद्यात उतरून त्यांनी मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि मला म्हणाले, "ये."

"वस्ताद, डॉक्टरांनी..."

"ये म्हन्लं न्हवं?"

मी उतरलो. हात मिळाले. मान मानेला लागली. त्यांच्या दंडांत अजून जुनी ताकद होती, पण खाली छाती धडधडत होती आणि ती धडधड माझ्या छातीला जाणवत होती. मी नुसता धरून उभा राहिलो. "खेळ," ते कानाशी म्हणाले. मी थोडा ढकलल्यासारखं केलं. ते मागे गेले, पुन्हा आले. दोनदा माझी मांडी धरली, दोनदा सोडली. मग माझ्या लक्षात आलं की त्यांनी आपली पकड सैल केली आहे. मी कुठलाही डाव टाकला नव्हता. ज्या माणसाची पाठ उभ्या मुलखात मातीला लागली नव्हती, तो माझ्या हातांतून सावकाश खाली गेला, दोन्ही खांदे टेकले, आणि तसाच राहिला.

वस्तादांनी तोंड उघडलं. पुरतं उघडलं, आणि श्वास घेऊ लागले. मोठ्याने, घरघरत, भिंतीला लागून उभ्या असलेल्या शेवटच्या पोराला ऐकू जाईल असा. वाकणं नाही, माती चोळणं नाही. नुसते पडून दम खात होते.

"वस्ताद," सदू घाबरून म्हणाला, "दम लागला का?"

"लागला," वस्ताद आढ्याकडे बघत म्हणाले. पुढच्या शब्दाला त्यांना थांबावं लागलं. "तिथं वर बी... मलाच लागला हुता. ह्यानं पाठीवर आणलं मला."

पोरांनी एकमेकांकडेही पाहिलं नाही. सदू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी वस्तादांच्या डोक्याशी उभा होतो, पायांवर, जिंकलेल्या गड्यासारखा, आणि तिथे उभं राहवत नव्हतं. हात पुढे करून त्यांना उठवणं हे तर त्याहून वाईट दिसलं असतं. मी त्यांच्या बाजूला मातीत बसलो, मग पाठ टेकून पडलो. वर कौलांमधून उजेडाच्या तिरिपा येत होत्या. त्यांचा श्वास हळूहळू खाली येत होता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तेल हाय का शिल्लक?"

"हाय."

"मग आण की."

वस्ताद जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी कॉलेजात मुलांना शारीरिक शिक्षण शिकवतो. गावी गेलो की जुने लोक भेटतात, आणि त्यांतला एखादा अजूनही विचारतो, "सर्जेराव, म्हणे वस्तादांना एकदा तू चीत केलं होतंस?"

"नाही," मी सांगतो. "त्यांची पाठ कुणी लावली नाही."